निकॉन एफएम२ ची फोकसिंग स्क्रीन बदलावी का, आणि बदलायची तर कोणती?

आरमोरी तालुक्यातून आलेला आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. (फोकसिंग स्क्रीन म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून पाहताना ज्यावर लेन्सचे चित्र उमटते तो आरशावरचा पडदा.) काकांच्या बंद पडलेल्या स्टुडिओतील निकॉन एफएम२ आपल्याकडे आला आहे. सोबत ५० मिमी एफ १.८, १०५ मिमी एफ २.५ आणि ७०-२१० मिमीची एक झूम लेन्स आहे, जिचे छिद्र लांबच्या टोकाला एफ ५.६ इतके लहान होते. झूम लावली की व्ह्यूफाइंडरमधील मधल्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडतो, झाडीपट्टीच्या नाटकांचे फोटो काढताना फोकस जुळला की नाही याची खात्री वाटत नाही, आणि मार्कंड्याच्या देवळांचे खांब फोटोत कललेले येतात. ‘दुप्पट उजळ’ म्हणून विकली जाणारी एक स्क्रीन आपण पाहिली आहे व ती घ्यावी का, असे आपण विचारता.

ती घेऊ नये, असे माझे मत आहे. सध्या कॅमेऱ्यात असलेली, मधोमध दुभागलेल्या वर्तुळाची के२ स्क्रीन जपून ठेवावी, दुसरी म्हणून जाळीच्या रेषांची ई२ मिळवावी, आणि पैसे खर्च करण्यापूर्वी आपला डोळा व स्क्रीनची बैठक (ती योग्य उंचीवर बसली आहे का) या दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. स्क्रीन निवडताना पहिला विचार आपल्याकडील सर्वांत मंद, म्हणजे सर्वांत लहान छिद्राच्या लेन्सचा करावा, दुसरा आपण कशावर फोकस साधतो याचा; उजेडाचा विचार त्यानंतर येतो.

आधी त्या काळ्या अर्ध्या वर्तुळाविषयी, कारण हा कॅमेऱ्यातील बिघड आहे असे समजून अनेकजण तो दुरुस्तीला घेऊन येतात. के प्रकारच्या स्क्रीनच्या मध्यभागी पाचरीच्या आकाराचे दोन छोटे प्रिझम एकमेकांच्या उलट दिशेने कललेले बसवलेले असतात. प्रतिमा नेमकी त्यांच्या पातळीवर तयार झाली, तर दोन्ही अर्ध्या भागांतील रेषा एकमेकींशी जुळतात. ती पुढे किंवा मागे तयार झाली, तर प्रत्येक पाचर तिला आपापल्या दिशेला सरकवते आणि रेषा तुटलेली दिसते. यासाठी एक पाचर लेन्सच्या एका कडेतून येणारा उजेड घेते आणि दुसरी समोरच्या कडेतून येणारा. लेन्सचे छिद्र मोठे असेल तर दोन्ही कडा उघड्या असतात. छिद्र एफ ५.६ वर आले की त्या कडांवर उजेडच उरत नाही, आणि डोळा जरासा वरखाली असला तरी एक पाचर अंधारात जाते. पाचरीचा उतार जितका तीव्र, तितका फोकस अचूक कळतो, पण तितक्याच लवकर काळोखही येतो. उत्पादकाने यात मधला मार्ग निवडलेला असतो आणि साधारणपणे एफ ४ च्या पुढे या स्क्रीनवर अवलंबून राहता येत नाही. वर्तुळाभोवती जे लुकलुकणारे कडे दिसते त्या मायक्रोप्रिझमचीही गत हीच आहे, कारण तेही अशाच असंख्य सूक्ष्म पाचरींचे बनलेले असते.

म्हणून झूम लावलेली असताना वर्तुळाकडे पाहूच नये. भोवतीच्या मॅट, म्हणजे प्रिझम नसलेल्या खरखरीत भागावर फोकस साधावा. अगदी गरज पडली तर डोळा खिडकीसमोर किंचित वर किंवा खाली न्यावा. काळा भाग एका अर्ध्यातून दुसऱ्यात सरकतो आणि मधल्या एका जागी दोन्ही भाग अंधुक का होईना, दिसतात. हे रेल्वे फाटकासारख्या स्थिर वस्तूसाठी ठीक आहे. नाटकात किंवा पोळ्याच्या गर्दीत इतका वेळ मिळत नाही.

के स्क्रीनची आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. तिची दुभागणारी रेषा आडवी असते, त्यामुळे उभ्या कडा तुटलेल्या दिसतात, आडव्या कडा मात्र जुळलेल्या नसतानाही अखंडच वाटतात. विजेचा खांब, मोहाचे खोड, दाराची चौकट यांवर फोकस पटकन जुळतो. कौलारू घराची वळचण, धानाच्या बांधीचा धुरा किंवा वैनगंगेच्या पलीकडचा काठ यांवर जुळत नाही. अशा वेळी कॅमेरा तिरपा धरून फोकस साधावा आणि मग पुन्हा सरळ करावा. निकॉनने आपल्या एफ व एफ२ या वरच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांसाठी तिरप्या रेषेची एल आणि मंद लेन्ससाठी कमी उताराच्या पाचरींची आर अशा स्क्रीन काढल्या होत्या, पण त्या एफएम२ मध्ये बसत नाहीत. एफएम२ सोबत (हा कॅमेरा १९८२ चा) निकॉनने तीन पर्याय दिले: के२, मध्यभागी प्रिझम नसलेली व फक्त १२ मिमीचे वर्तुळ असलेली बी२, आणि उभ्या-आडव्या रेषांची जाळी असलेली ई२.

आता उजेडाचा मुद्दा. हा विषय जरा सावकाश समजून घ्यावा लागतो, कारण जाहिरातीत त्याची एकच बाजू येते. मॅट स्क्रीन म्हणजे मुळात खरखरीत केलेला पृष्ठभाग. लेन्समधून आलेला उजेड त्यावर पडतो, सर्व दिशांना विखुरतो आणि त्यातील थोडासाच आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. पृष्ठभाग जितका खरखरीत, तितका उजेड अधिक विखुरतो, चित्र तितके काळपट दिसते, कोपरे तर अधिकच. कोपऱ्यांचा अंधार कमी करण्यासाठी स्क्रीनला फ्रेनेल लेन्स जोडलेली असते; तिच्या बारीक वर्तुळाकार खाचा कडेचा उजेड डोळ्याकडे वळवतात. ‘उजळ’ स्क्रीनमध्ये याच्या पुढे जाऊन मॅट पृष्ठभाग फार बारीक केलेला असतो, म्हणजे उजेड कमी विखुरतो आणि बराचसा सरळ पुढे जातो. चित्र लख्ख होते. पण लेन्सच्या कडेकडून तिरपा येणारा उजेड अशा स्क्रीनवरून डोळ्याकडे फारसा वळत नाही, आणि फोकसबाहेरचा भाग पुसट दिसतो तो याच कडेच्या उजेडामुळे. परिणाम असा होतो की अतिशय बारीक मॅटच्या स्क्रीनवर एफ १.४ ची लेन्ससुद्धा साधारण एफ २.५ ते २.८ ची असल्यासारखी दिसते. सगळे दृश्य स्पष्टच वाटते, फोकसचे कडे फिरवताना चित्र ‘टक्कन’ जागेवर येत नाही, आणि फिल्म धुतल्यावर कळते की डोळ्यांऐवजी कान स्पष्ट आले आहेत.

आपल्या १०५ मिमी एफ २.५ लेन्सचे उदाहरण घ्या. चार मीटरवर उभ्या असलेल्या नटाच्या बाबतीत, छिद्र पूर्ण उघडे असताना, स्पष्टतेची खोली पुढची-मागची धरून साधारण २२ सेंटिमीटर येते. नट संवाद म्हणताना एक पाऊल पुढे आला तरी ती संपते. अशा ठिकाणी स्क्रीनने फोकस चुकलेला असताना ठळकपणे चुकलेला दाखवणे हेच तिचे काम आहे, आणि के२ ते चांगले करते. १९८० च्या दशकातील या दुसऱ्या पिढीच्या स्क्रीन त्याआधीच्या के, बी, ई पेक्षा मुळातच उजळ आहेत. त्याहून उजळ स्क्रीनचा फायदा एफ ४ किंवा एफ ५.६ च्या लेन्स दिवसभर लावून ठेवणाऱ्यालाच होतो. आपले काम तसे नाही.

उजळ स्क्रीनचा दुसरा परिणाम मीटरवर होतो आणि विक्रेते त्याविषयी बोलत नाहीत. एफएम२ चे मीटर स्क्रीनवरून वर आलेला उजेड मोजते. त्याच्या संवेदक पेशी डोळ्याच्या खिडकीशेजारी, प्रिझमच्या मागे बसवलेल्या आहेत. स्क्रीन उजळ झाली की मीटरला वाटते दृश्यच उजळले, आणि ते कमी एक्स्पोजर सुचवते. याच कारणाने निकॉनच्या जुन्या एफई कॅमेऱ्यात के२ बसवली तर सुमारे एक तृतीयांश स्टॉपची भरपाई द्यावी लागते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आपल्या कॅमेऱ्यात कोणतीही नवी स्क्रीन बसवली तर ही तपासणी करून घ्यावी: दुपारच्या स्थिर उजेडात चुन्याने सारवलेली भिंत निवडावी, ५० मिमी लेन्स अनंतावर ठेवून भिंतीने सगळी चौकट भरावी, आणि जुन्या स्क्रीनवर कोणत्या शटर व छिद्राला मीटरचे मधले शून्य पेटते ते लिहून ठेवावे, मग स्क्रीन बदलून लगेच तेच पुन्हा पाहावे. फरक आढळला तर एफएम२ ला भरपाईची वेगळी चकती नसल्यामुळे फिल्मची आयएसओच बदलून लावावी. मीटर एक तृतीयांश स्टॉप कमी देत असेल तर ४०० च्या फिल्मला ३२० लावणे पुरेसे होते. निगेटिव्ह फिल्मला एवढा फरक पचतो, स्लाइड फिल्मला पचत नाही.

खर्च करण्यापूर्वीच्या दोन तपासण्यांपैकी पहिली डोळ्याची. कॅमेरा उजळ आकाशाकडे धरा, लेन्सचा फोकस मुद्दाम पार बिघडवा, आणि दृश्याकडे दुर्लक्ष करून फक्त मधल्या वर्तुळाची कडा व दुभागणारी रेषा पाहा. त्या खुणा स्क्रीनवरच कोरलेल्या असल्यामुळे लेन्स काहीही दाखवत असली तरी त्या काटेकोर दिसल्या पाहिजेत. त्याच जर पुसट दिसत असतील, तर दोष डोळा आणि खिडकी यांच्या जोडीत आहे आणि जगातील कोणतीही स्क्रीन तो दूर करणार नाही. एफएम२ ची खिडकी उणे एक डायॉप्टरची आहे, म्हणजे स्क्रीन साधारण एक मीटर अंतरावर असल्यासारखी डोळ्याला दिसते. चाळिशी लागलेल्या माणसाची येथे पंचाईत होते: वाचायचा चष्मा याहून जवळच्या अंतरासाठी असतो आणि लांबचा चष्मा याहून दूरच्या. खिडकीच्या १९ मिमी आट्यांवर बसणारी योग्य नंबरची दुरुस्तीची काच मिळाली, तर नवी स्क्रीन बसवल्याइतका फरक पडतो, आणि ती स्क्रीनपेक्षा स्वस्तही असते. नेत्रतज्ज्ञाकडे जाताना ‘एक मीटरवरचे स्पष्ट दिसावे’ एवढेच सांगितले तरी नंबर काढता येतो.

दुसरी तपासणी स्क्रीनच्या बैठकीची. लेन्सपासून आरशावरून स्क्रीनपर्यंतचे अंतर आणि लेन्सपासून फिल्मपर्यंतचे अंतर तंतोतंत सारखे असले पाहिजे. निकॉनमध्ये लेन्सच्या कड्यापासून फिल्मपर्यंत ४६.५ मिमी असतात. यात किती चूक खपते हे छिद्रावर अवलंबून आहे. एफ १.८ ला फिल्मच्या पातळीवर दोन्ही बाजूंना साधारण ०.०५ मिमीच सूट मिळते, एफ ८ ला ती ०.२४ मिमी होते. स्टुडिओत फ्लॅशवर एफ ८ ने वर्षानुवर्षे काम झालेला कॅमेरा रात्री एफ १.८ वर पहिल्यांदाच उघडला की जुना दोष बाहेर येतो, तो यामुळे. काकांच्या काळात फोटो चांगले येत होते, एवढ्यावरून बैठक बरोबर आहे असे मानू नका.

तपासणीची सोपी रीत अशी: एक-दोन किलोमीटरवरचा मोबाइलचा मनोरा निवडावा आणि ५० मिमी लेन्स पूर्ण उघडून अनंताच्या खुणेला टेकवावी. वर्तुळात मनोऱ्याची उभी रेषा तेथेच जुळली पाहिजे. खुणेच्या आधीच जुळून पुढे तुटत असेल, तर स्क्रीन आरशाकडे खाली उतरली आहे, बहुधा तिची चौकट वर नीट चिकटलेली नाही, आणि फोटोत फोकस वस्तूच्या पुढे पडेल. खुणेला टेकूनही रेषा जुळतच नसेल, तर स्क्रीन जास्त वर आहे आणि फोकस वस्तूच्या मागे जाईल. ही परीक्षा झूमने घेऊ नये, कारण अनेक झूम लेन्सचे कडे अनंताच्या पलीकडे जाते.

शंका उरली तर फिल्मच्या जागीच पाहावे. आरशाच्या दुकानातून एका बाजूने घासलेली काच घ्यावी, ती ३५ मिमी रुंद कापून घ्यावी, मागचे झाकण उघडून घासलेली बाजू लेन्सकडे करून फिल्म जेथे टेकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर ठेवावी, केबल रिलीजने शटर ‘बी’ या खुणेवर (दाबून ठेवू तोवर उघडे राहते) उघडे धरावे आणि त्या काचेवर भिंगाने चित्र पाहावे. व्ह्यूफाइंडरमध्ये जुळवलेले वर्तमानपत्राचे अक्षर काचेवरही तितकेच स्पष्ट असले पाहिजे. काच बाहेरच्या पट्ट्यांवर टेकली तर निकाल चुकतो. काचेऐवजी पारदर्शक चिकटपट्टी ताणून लावण्याची युक्ती काहीजण सांगतात, पण ती पट्टी मध्ये झोळते आणि उन्हाळ्यात तर फारच.

हे दोन्ही ठीक निघाले, तर निवड सोपी आहे. वडशाकडच्या नाटकांच्या हंगामात के२ च ठेवा. मंचावरील उजेड एकाच बाजूने येतो, चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारात असतो आणि मॅट भागावर फोकस ठरवणे अवघड जाते. त्याऐवजी वर्तुळ मुकुटाच्या किंवा पदराच्या उजळ उभ्या कडेवर आणले की रेषा एका क्षणात जुळते. मायक्रोप्रिझमचे कडेही नटाच्या दागिन्यांवर चांगले बोलते. नाटकाला झूम नेऊच नका, नेलीच तर तिचे ७० मिमीचे टोक वापरा.

मार्कंड्यासाठी मात्र ई२ बसवून जा. तेथील कोरीव खांब आणि देवळांचे थर जाळीच्या रेषांशी समांतर ठेवले की कॅमेरा वर झुकला आहे हे लगेच दिसते, आणि थोडे मागे सरकून तो सरळ धरता येतो. देऊळ उंच असेल तर फोटोचा खालचा भाग वाया जाईल, तो छापताना कापावा. ई२ आणि बी२ यांत मी नेहमी ई२ सुचवतो, आणि त्याचे कारण केवळ देवळे नाही. साध्या मॅट स्क्रीनवर डोळ्याला टेकायला काही नसते. तो नकळत स्क्रीनच्या पलीकडे पाहू लागतो आणि फोकसबाहेरचे चित्रही स्वतःच स्पष्ट करून घेतो. जाळीच्या रेषांमुळे डोळा स्क्रीनच्या पातळीवर बांधलेला राहतो. आपली झूम याच स्क्रीनवर वापरावी. तिच्यासाठी ई२ पुरेशी उजळ आहे. पुढे कधी धानावरचे किडे किंवा रानफुले अगदी जवळून टिपायची झाली, तर तेथेही हीच स्क्रीन लागेल, कारण मूळ आकाराइतक्या मोठ्या चित्राला लेन्सचे प्रत्यक्ष छिद्र दुपटीने लहान ठरते, एफ ४ चे एफ ८ होते, आणि कोणत्याही पाचरीत काळोखच दिसतो. शंकरपटाला (बैलजोड्यांच्या शर्यतीला) स्क्रीन कोणती आहे याने फारसे काही बिघडत नाही. जोडी जेथून जाणार त्या जागेवर आधीच फोकस लावून ठेवावा लागतो.

स्क्रीन बदलणे पाच मिनिटांचे काम आहे, पण ते पंख्याखाली करू नये. लेन्स काढून आत पाहिले की आरशाच्या वर, पुढच्या कडेला एक लहान खिट्टी दिसते. ती चिमट्याने ओढली की स्क्रीनची चौकट खाली झुकते. स्क्रीनच्या कडेला असलेला बारीक कान चिमट्याने धरून ती बाहेर काढावी, नवी तशाच बाजूने ठेवावी आणि चौकट वर ढकलून ‘टिक’ असा आवाज होईपर्यंत बसवावी. तो आवाज आला नाही तर वर सांगितलेला मनोऱ्याचा दोष तेथेच निर्माण झाला असे समजा. आरशाला आणि स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना बोट लावू नये. स्क्रीन प्लॅस्टिकची असते. स्पिरिट, थिनर, लेन्स पुसायचा द्राव यांपैकी काहीही लावले तर मॅट पृष्ठभाग कायमचा डागाळतो, आणि कापडाने पुसले तर फ्रेनेलच्या खाचांत ओरखडे पडतात.

फक्त रबरी ब्लोअरने हवा मारावी. आमच्या हिंगणघाटच्या बाजूला जिनिंगच्या दिवसांत रुईचा एखादा तंतू स्क्रीन आणि प्रिझम यांच्यामध्ये जाऊन बसतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दोरीएवढा दिसतो. आपल्याकडे मळणीच्या वेळी धानाचा कोंडा हेच करील. तो फोटोत येत नाही, त्यामुळे ब्लोअरने निघाला नाही तर तसाच राहू द्यावा. काळे चिकट कण दिसले तर मात्र ते आरशाच्या वरच्या फोमचे आहेत. तो फोम जुना होऊन विरघळू लागला आहे आणि स्क्रीन बदलण्याआधी तोच बदलून घेतला पाहिजे, नाहीतर नवी स्क्रीन महिन्याभरात तशीच होईल.

आपण दुसरा कॅमेराही घेण्याच्या विचारात आहात, म्हणून एवढेच सांगतो: निकॉन एफ३ चे मीटर आरशाच्या खालून उजेड घेते आणि ऑलिंपस ओएम-२ स्वयंचलित पद्धतीत थेट फिल्मवरून मोजते, त्यामुळे या दोहोंत स्क्रीन बदलल्याने एक्स्पोजर बिघडत नाही, आणि दोहोंसाठी स्क्रीनचे प्रकारही भरपूर आहेत. कॅननच्या १९८१ च्या न्यू एफ-१ मध्ये उलट, मीटर सरासरी मोजणार की मधला ठिपका, हेच स्क्रीन ठरवते. तेथे विचार न करता स्क्रीन बदलू नये. १९७७ च्या साध्या निकॉन एफएम ची स्क्रीन वापरणाऱ्याने बदलण्यासारखी नसते, म्हणून विक्रेता नुसते ‘एफएम’ म्हणाला तर मागचा दोनचा आकडा आहे का ते पाहावे.

ई२ आता जुन्या बाजारातच मिळेल. विक्रेत्याकडून तिचा फोटो पांढऱ्या कागदावर ठेवून आणि दुसरा खिडकीच्या उजेडात तिरपा धरून मागवावा. पहिल्यात डाग दिसतात, दुसऱ्यात ओरखडे. मधोमध बोटाचा ठसा असेल तर घेऊ नये, कडेला एखादा ओरखडा असेल तर भाव कमी करून घ्यावी. ती मूळ डबीत नसेल, तर निदान कापसात गुंडाळून पाठवू नका असे आधीच बजावून सांगावे.